बंदुकीसंगं बाप

माह्या भावाले, गजेंद्रले, गावात आजही चांगला लेक म्हणतात. म्हणू दे. लोकांच्या तोंडाले कोण हात लावन? म्हाताऱ्या बापाले सांजच्याले अंडं खाऊ घालायचं, कानाले मफलर बांधायचा, मोटरसायकलवर आपल्या पाठीशी बसवून न्यायचं, हे पाहून बायांचे डोळे भरून येत. "असा लेक मिळायले नशीब लागते," म्हणत. बुढ्याले कुठं नेऊन राहिला, कायले नेऊन राहिला, हे कोणी विचारत नव्हतं. विचारन कसं? त्या बायांच्याच वावरात तं नेऊन राहिला होता!

मी रुख्मा. माहेर गोंदियाकडं, दरेकश्याच्या खाली, जंगलाले लागून. सासर डोंगराच्या पलीकडं, छत्तीसगडात. मधात राज्याची हद्द आहे म्हणतात. रस्त्यावर एक पाटी आहे, बाकी जंगल तेच, मोहाची झाडं तीच, अन् रानडुकरंही तीच. रातच्याले आमच्या इकडचं धान खातात, पहाटेले माह्या माहेरचं.

बाबांच्या नावानं एक बंदूक होती. बारा बोरची, एकनळी. जवानीत धान राखाले लायसन काढलं होतं. त्याच्यावर नाव बकाराम, फोटो बाबांचा, अन् हद्द महाराष्ट्राची. नजर अधू झाली, हात थरथरायले लागले, तशी बंदूक गजेंद्रनं घेतली. त्याच्या नावानं लायसन काही होत नव्हतं. जवानीत एकाचं डोस्कं फोडलं होतं त्यानं, ती केस आडवी येत होती. अर्ज केला, परत आला. मंग तसाच बापाची बंदूक खांद्याले लावून फिरे.

एक दिवस रस्त्यात पोलिसानं धरलं. "ज्याच्या नावाचं लायसन, तो संगं पाहिजे. पुन्हा एकटा दिसला तं बंदूक जमा अन् तू अंदर."

दुसरा कोणी असता तं बंदूक घरी टांगून ठेवली असती. गजेंद्रनं काय केलं? बाप संगं घेतला.

त्या दिवसापासून बाबा जागलीले, रातचं पीक राखाले, जाऊ लागले. वावरात चार बल्ल्यांवर मचान. वर तणस, वर बाबा, बाबांच्या मांडीवर बंदूक. झोप लागून खाली पडू नये म्हून कमरेले दोरी, अन् दोरीचं टोक बल्लीले. डुक्कर आलं की गजेंद्र वर चढे, मांडीवरची बंदूक उचले, हवेत बार काढे, अन् परत मांडीवर ठेवून देई. बाबांचं काम एकच, तिथं असणं. जेवणही मचानावरच, अर्ध्या राती. पोट भरलं की बुढा झोपते, म्हून आधी जागल अन् मंग जेवण, असा त्या हरामखोराचा हिशोब.

पुढं शेजारचे मागायले लागले. "गजेंद्रभाऊ, आज आमच्याकडं बसव ना बुढ्याले." मंग पाळ्या लागल्या. आज केशोरावची धानाची बांधी, उद्या नाल्यापलीकडची. बदल्यात धान येई घरात. धान निघालं की लाखोळी, लाखोळी निघाली की उन्हाळी धान. आमच्याकडं जमीन कधी खाली राहत नाही, अन् बाबांचं मचानही कधी खाली राहिलं नाही.

हे मी कोणाच्या सांगण्यावरून नाही बोलत. भाऊबीजेले गेली तेव्हा डोळ्यानं पाहिलं. ओवाळून झालं, अन् बाबांच्या खाटेवर जाऊन बसली. बाबा दिवसा झोपत होते, पण बसून. भिंतीले पाठ, गुडघे पोटाशी, हात मांडीवर असे ठेवलेले, की बंदूक नसतानाही दिसावी.

"बाबा, आडवे व्हा ना."

"होत नाही वं," बाबा म्हणाले. "पाय लांबच होत नाहीत. एक रात मले तुह्या घरी ने. पाय लांब करून झोपतो अन् मंग मेलो तरी चालते."

पोरीच्या जातीनं बापाकडं जन्मभर मागितलंच होतं. लुगडं मागितलं, बैलजोडी मागितली, पोराच्या फीचे पैसे मागितले. बापानं माह्याकडं पहिल्यांदा काही मागितलं, ते हे.

मी आंगणात येऊन गजेंद्रले सांगितलं, "बाबांले माह्या घरी नेते म्हणते मी."

"ने ना," तो म्हणाला. "धान निघू दे, मंग ने."

"अन् लाखोळी?"

"लाखोळी निघू दे."

"अरे, बाप आहे का बुजगावणं?"

तो चिडला नाही. चिडला असता तं बरं झालं असतं. मले लेकरागत समजवाले लागला. "आक्का, बाबा तिकडं राहाले गेले तं बंदूक ठाण्यात जमा करा लागते. इथं डुकरं एका रातीत बांधी साफ करतात. अन् बंदूक संगं तं नेता येत नाही तुले. तिकडं हे लायसन चालतच नाही."

माहा नवरा लीलाधर सुपारी कातरत बसला होता. त्याले अशा गोष्टीत तोंड घालाची मोठी हौस. "हे काही बरोबर नाही गजेंद्र," तो म्हणाला. "गाडीचं लायसन साऱ्या देशात चालते. मी इथून जगन्नाथपुरीपावत गाडी हाकली, कोणी विचारलं नाही. गाडीनं माणसं कमी मरतात का? मंग बंदुकीचंच काऊन नाही चालत? डुक्कर काय हद्द पाहून चरते?"

"साऱ्या देशाचं लायसन भेटते," गजेंद्र म्हणाला, "पण मोठ्या लोकांले. आपल्या डुकरांसाठी कोण देते?"

"अन् दिलं पाहिजे का?" अंजू म्हणाली. ही गजेंद्रची बायको. चुलीपाशी बसली होती. "इथं पंगतीत भांडण झालं तं भाले निघतात. दोन्हीकडच्या बंदुका इकडून तिकडं फिरल्या तं लग्न लावाले ठाणेदार बसवा लागन."

"तू भाकर पाहा," गजेंद्र म्हणाला.

तिघंही आपापल्या जागी बरोबरच होते म्हणा. पण मले विचारा. मले ती हद्द देवावानी वाटत होती. सारी दुनिया म्हणे की लायसन तिकडं चाललं पाहिजे, अन् मी मनात म्हणे की देवा, कधी चालू नको देऊ. चाललं असतं तं काय झालं असतं? बाबांले एका राज्यात फिरवून राहिले होते, ते दोन राज्यांत फिरवले असते. त्या पाटीच्या पलीकडं बंदुकीची किंमत शून्य. म्हंजे पलीकडं बाबा नुसते बाबा. माहा सारा जीव त्या पाटीवर होता.

निघताना लीलाधर बाबांच्या पाया पडला अन् मोठ्यानं म्हणाला, "मामाजी, आमच्याकडं या. पण खाली हात नका येऊ बरं! आमच्याकडंही डुकरं लय माजली."

सारे हसले. मीही हसली. जवाई बोलला की हसा लागते. बाबा नाही हसले. त्याइनं मान हलवली. कोणी काही काम सांगितलं अन् त्याइनं ते ऐकलं, अशी.

पुढं भारी, म्हंजे उशिराचं, धान कापणीले आलं. एक दिवस अंजूनं गुपचूप फोन केला. बाबा मचानावरून दोरीनं लटकले होते म्हणे. झोपेत कलंडले, दोरीनं पोट आवळलं, अन् खाली गजेंद्र घोंगडी घेऊन घोरून राहिला होता. उतरवलं तेव्हा तोंडातून लाळ येत होती. दवाखान्यात नेलं, सुई दिली, अन् त्याच सांजच्याले परत मचानावर. या बारीले दोरी खांद्यातून घातली. भाऊ कसा काळजीवाला आहे पाहा!

"न्या आक्का," अंजू फोनवर रडत होती. "नाही तं हे मरतीन, अन् तुमचा भाऊ मेल्यावरही बसवन."

मी लीलाधरले विचारलंही नाही. गावातला छोटा हाथी, तो चारचाकी टेम्पो, ड्रायव्हरसकट भाड्यानं घेतला, मागं तणस टाकली, वर गादी घातली, अन् भर दुपारी माहेरी पोचली. दुपार यासाठी, की गजेंद्र जागलीवरून येऊन दुपारचाच झोपते. घोरणं आंगणापावत ऐकू येत होतं. बंदूक नेहमीच्या जागी, बाबांच्या खाटेपाशी कोपऱ्यात उभी होती. लायसनवाल्याच्या ताब्यात पाहिजे ना! कायदा पाळणारं घर आमचं.

"बाबा, चला. तुमच्या लेकीनं गाडी आणली."

बाबांचं तोंड असं खुललं की काय सांगू. मी दवाई अन् धोतरं घ्यायले अंजूकडं अंदर गेली. परत येते तं बाबा गोधडीत गुंडाळून खाटेवर आडवे पडलेले. सरळ! पाय लांब! मले एवढा आनंद झाला की मी अंजूचा हात धरून दाखवलं, "पाय पाहा वं, पाय लांब केले."

गोधडी काढून दुसरी घालू लागली तं बाबा ओरडले. "नको काढू! थंडी वाजते."

म्हाताऱ्याले थंडी वाजते. मी म्हटलं असन. गोधडीसकट उचलून आम्ही त्याइले गाडीत ठेवलं. जड लागले. अंजू म्हणाली, "अंडी खाल्ली ना." अन् आम्ही दोघी तोंडावर पदर धरून हसलो.

रस्ताभर मी मागं बाबांपाशी बसली होती. हद्दीजवळचा बोगद्याचा डोंगर दिसला तसे बाबा म्हणाले, "रुख्मा, तुह्याकडं मचान आहे का?"

"मचान कायले? पलंग आहे बाबा. नवीन गादी आहे."

"हं," बाबा म्हणाले अन् गोधडी आवळून धरली.

पाटी आली. पाटीच्या पुढं नाका लागला होता. छत्तीसगडात धानाले भाव जास्त, म्हून इकडचं धान तिकडं चोरून नेऊन विकतात लोक. सरकारी खरेदी सुरू झाली की तिकडचे पोलीस नाके लावतात. हे मले माहीत होतं. माह्या गाडीत धानाचा दाणा नव्हता, मी कायले भिऊ?

एक हवालदार अन् एक पोट्टेसा शिपाई आला. "पीछे क्या है? धान तो नहीं?"

"मेरे पिताजी हैं साहब. बीमार हैं."

"बीमार तो सबके रहते हैं," हवालदार हसला. "पिछले हफ्ते एक की अम्मा बीमार थी, अम्मा के नीचे सात बोरे निकले." अन् त्यानं परखी मागवली. परखी म्हंजे बोऱ्यात खुपसून धानाचा नमुना काढाची लोखंडी टोकदार नळी. शिपायानं ती तणशीत खुपसली. इकडं खुपसली, तिकडं खुपसली. मंग बाबांच्या गोधडीच्या बाजूनं घातली.

लोखंडावर लोखंड वाजलं.

शिपायानं गोधडी उचलली. बाबा सरळ पडले होते, अन् त्याइच्या कुशीले, खांद्यापासून पोटरीपावत, बंदूक पडली होती. धोतराच्या फाडीनं पायाले बांधलेली. म्हून पाय लांब होते. माहा आनंद तो तिथंच मेला.

"बाबा! हे काय केलं?"

बाबा कोपरावर उठले. भेले नव्हते. उलट ऐटीत होते. बंडीतून प्लास्टिकच्या पिशवीतलं लायसन काढलं अन् हवालदारासमोर धरलं. "लायसन आहे साहेब. फोटो पाहा. मीच तो."

हवालदारानं उलटंपालटं करून वाचलं. "बाबा, ये तो महाराष्ट्र का है."

"हाव. गोंदियाचं आहे."

"यहाँ नहीं चलता."

"चालते साहेब," बाबा त्याले समजावू लागले, "मी संगं आहे ना. ज्याच्या नावाचं लायसन तो संगं पाहिजे. मी आहे ना संगं!"

बंदुकीचा सारा कायदा बाबांले तेवढाच माहीत होता, अन् तो त्याइनं राती जागून पाळला होता. हवालदारानं विचारलं, लेकीच्या घरी चालले तं बंदूक कायले आणली. बाबा माह्याकडं पाहून म्हणाले, "जवाईबापूनं सांगितलं होतं, खाली हात नका येऊ म्हून. त्याइच्याकडंही डुकरं आहेत. बंदूक नसली तं मले कोण ठेवते?"

शिपाई हसला. हवालदार नाही हसला, पण त्यानं सोडलंही नाही. सोडाची गोष्ट नव्हतीच म्हणे, दुसऱ्या राज्यात बिनपरवान्याचं हत्यार. मी पाया पडली, पदर पसरला, छाती बडवली. त्या पाटीपासून आम्ही दहा पावलंही आत नव्हतो. मी म्हटलं, "गाडी पीछे ले लेते साहब, बस इतनी सी." तो म्हणाला, "बाई, लाइन तो लाइन है."

हीच लाइन मी देवावानी पुजत होती!

गजेंद्रले फोन लावला. झोपेतून उठला. मी सांगितलं, बाबांले पोलिसानं धरलं. तो म्हणाला, "बंदूक कुठं आहे?"

"बाबांले धरलं रे!"

"ऐकलं मी. बंदूक कुठं आहे?"

बाबांले अंदर केलं. तुरुंगातल्या दवाखान्यात ठेवलं होतं, खाटेले एक हात बांधून. तारखेले दिसत. गजेंद्र एकदाच आला, तोही ठाण्यात, बंदूक सुटते का पाहाले. सुटली नाही. तुरुंगाच्या फाटकावरून परत गेला, बापाले भेटला नाही. जाताना माह्यावर दात खाऊन म्हणाला, "सारं भारी धान गेलं. डुकरांनी लोळून लोळून खाल्लं. समाधान झालं तुह्यं?"

झालं. खोटं कायले बोलू? त्या एका रातीपुरतं झालं. डुकरांनी त्याची बांधी खाल्ली ऐकलं, तं मी पोटभर जेवली.

पुढं जामीन झाला. लीलाधर जामीन राहिला, तोंड लपवत. जजसाहेबानं अट घातली, की बकारामनं या ठाण्याची हद्द सोडाची नाही, लेकीच्या घरीच राहाचं. वकील मले म्हणाला, "बघा बाई, तुमच्या मनासारखंच झालं." खरंच होतं. बाप माह्या घरी आला. कायद्यानं आणून दिला.

नवीन गादीवर झोपवला. "बाबा, पाय लांब करा," म्हटलं. बाबांनी गुडघे पोटाशी घेतले, भिंतीले पाठ लावली, अन् हात मांडीवर ठेवले. तो हात मांडीवर काहीतरी शोधे. सापडलं नाही की डोळे भिरभिरत.

"रुख्मा, आज कोणाची पाळी आहे?"

"कोणाची नाही बाबा. तुमी आता झोपा."

"कोणाचीच नाही?" बाबा घाबरले. "मंग मले कायले ठेवलं?"

ताट समोर ठेवलं तं सरकवून दिलं. "जागल झाली नाही अजून," म्हणाले. मी शपथा घातल्या, रडली, घास तोंडाशी नेला. तोंड घट्ट मिटलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. भाताची पेज वाटीत घट्ट होऊन जाई. लीलाधर समोर बसून हात जोडे. "मामाजी, मी हसण्यावारी बोललो होतो हो!" बाबा त्याच्याकडं मालकाकडं पाहावं तसे पाहत अन् म्हणत, "बंदूक गेली जवाईबापू. पण मी जागीन. मले काढू नका."

माय वं! बाप होता तो. माहा बाप. त्याले माह्या भावानं एवढं शिकवलं, की माह्या मायेचा त्याच्यावर काही इलाज चालेना. मी त्याले मरू द्यायले पाहिजे होतं का? तुमीच सांगा. मले नाही पाहवलं.

लीलाधरनं परसात मचान बांधलं. माणसाच्या उंचीचं, चार बल्ल्यांवर. वर तणस टाकली, घोंगडी घातली. गोठ्यातली पाण्याची जुनी लोखंडी नळी धुऊन बाबांच्या मांडीवर ठेवली. बाबांनी ती चाचपली. तोंडाकडून मागं हात नेला, घोडा सापडला नाही, पण काही बोलले नाहीत. पाठ सरळ केली. दोरीही त्याइनंच मागितली, "पडन नाही तं." दोरी मी बांधली. कमरेले नाही, खांद्यातून.

मंग अर्ध्या राती पेज नेली. साऱ्या वाटीची पेज प्याले, अन् वाटी चाटून परत दिली.

आता रोजचं आहे. दिवस बुडाला की मी बापाले चढवते अन् दोरी बांधते. आमच्या परसात डुक्कर येत नाही, तरी बाबा जागतात. पाय तसेच, पोटाशी. शेताच्या धुऱ्यावरून जाणाऱ्या बाया थांबून पाहतात. एकीनं परवा विचारलं, "काऊन बाबा, बरं आहे ना लेकीच्या घरी?"

"बरं आहे," बाबा वरून म्हणाले. "लेकीनं कामावर ठेवलं मले."

मी गाठ तपासत होती. तपासून पाहिली, घट्ट होती.